फिश टँकसाठी घराला खोली जोडताना : सांगलीच्या काळ्या मातीत काय, कधी आणि कोणत्या क्रमानं

६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. मासे पाळणाऱ्याच्या मनात ‘मोठी टाकी’ म्हणजे बहुधा याच मापाची असते. हॉलमध्ये ती मावत नाही, मग घराच्या मागं किंवा बाजूला एखादी खोली काढायचा विचार सुरू होतो. सांगलीत हा विचार मनात आला, की दुकानात जाऊन काच आणि मासे बघण्याआधी आपल्या अंगणातली माती बघावी. टाकी ही सगळ्यात शेवटी आणायची वस्तू आहे. तिची जागा मात्र सगळ्यात आधी, पायाच्या नकाशातच पक्की व्हायला हवी. हा लेख त्या क्रमासाठी आहे.

आधी वजन बघू. या मापात २४ घनफूट, म्हणजे सुमारे ६८० लिटर पाणी मावतं. वरून दोन इंच मोकळं सोडलं तरी ६२० किलो पाणी झालं. १२ मिलिमीटर काचेचं वजन सव्वाशे किलोच्या आसपास, तळाची खडी आणि वाळू शंभर किलो, वर दगड, लाकूड, झाकण. टाकीखालचा ओटा सोडून साडेआठशे-नऊशे किलो. छोटी मोटार हॉलच्या एका कोपऱ्यात कायमची उभी करण्यासारखंच हे आहे. घराच्या स्लॅबचं गणित करताना राहत्या खोलीत दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वापराचा भार धरतात. पाण्याची नुसती २० सेंटिमीटर उंची तेवढा भार भरून काढते, आणि आपल्या टाकीत पाणी त्याच्या जवळजवळ तिप्पट उंच असतं. म्हणून वरच्या मजल्यावर अशी टाकी ठेवायची, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरनं बीम कुठून जातोय ते पाहून लेखी सांगितल्याशिवाय ठेवू नये. तळमजल्यावर नवी खोली काढणं हा त्यातला निर्धास्त मार्ग, पण पाया नीट झाला तरच.

कागदपत्रं

महापालिका हद्दीत, म्हणजे सांगली, मिरज, कुपवाड कुठंही असलात, तरी वाढीव बांधकामाला परवानगी लागते. खोली ८ बाय १० ची असली तरी लागते. राज्यात २०२० साली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिच्यानुसार दोन गोष्टी तपासायच्या : चटई क्षेत्र (प्लॉटवर एकूण किती बांधता येतं ते) शिल्लक आहे का, आणि खोली वाढवल्यावर बाजूचं व मागचं सामासिक अंतर (हद्दीपासून मोकळी सोडायची जागा) उरतं का. बहुतेकांची अडचण यातल्या दुसऱ्या गोष्टीत होते. मागं चार-पाच फूट मोकळी जागा दिसते म्हणून लोक खोली आखतात, आणि ती जागा नियमानं मोकळीच ठेवायची असते.

परवानाधारक आर्किटेक्ट किंवा इंजिनिअरला भेटायला जाताना सिटी सर्व्हेचा उतारा किंवा सातबारा, मूळ मंजूर नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र आणि घरपट्टीची पावती बरोबर न्या. गुंठेवारीतला प्लॉट असेल तर २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली तो नियमित झाल्याचा कागद आधी हातात हवा. तो नसताना वाढीव खोलीचा अर्ज पुढं सरकत नाही.

सांगलीकराला आणखी एक गोष्ट बघावी लागते, ती म्हणजे पूररेषा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये नवं बांधकाम होत नाही. निळ्या-लाल रेषांच्या मधल्या पट्ट्यात ते अटींवर होतं, आणि जोत्याची उंची लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर ठेवावी लागते. प्लॉट या पट्ट्यात असेल तर नव्या खोलीची फरशी जुन्या हॉलपेक्षा बरीच वर जाऊ शकते. मग हॉलमधून बघायच्या टाकीचा सगळा आराखडाच बदलतो. म्हणून हे चित्र काढायच्या आधी विचारून घ्या.

खोली कोणत्या बाजूला आणि कशी

पश्चिमेला नको. सांगलीचा उन्हाळा ४० अंशांला टेकतो, आणि पश्चिमेची भिंत दुपारी तापून रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहते. उत्तर बाजू सगळ्यात चांगली, त्याखालोखाल पूर्व. टाकीच्या काचेवर थेट ऊन कधीच पडू नये, नाहीतर शेवाळ पुसण्यात रविवार जातील.

मला सगळ्यात पटलेली रचना अशी : नवी खोली हॉलच्या बाहेरच्या भिंतीला लागून, आत ६ बाय १० फुटांची. टाकी त्या खोलीत, पण दिसते हॉलमधून, भिंतीतल्या उघड्या चौकटीतून. पाणी बदलणं, फिल्टर धुणं, खाणं घालणं हे सगळं मागच्या खोलीत. हॉलमध्ये ना वायर, ना बादली, ना ओला वास.

यासाठी भिंत फोडावी लागते असं वाटतं, पण बऱ्याच घरांत नवी फोड लागतच नाही. हॉलची जुनी खिडकी असते ना, तिचीच चौकट काढायची. आपल्याकडं खिडकीची खालची पट्टी फरशीपासून साधारण ३ फुटांवर आणि लिंटेल, म्हणजे वरच्या भिंतीचा भार घेणारी आडवी तुळई, ७ फुटांवर असते. टाकीचा तळ ३ फुटांच्या जरा खाली आणि वरची कड ५ फुटांच्या आत ठेवली, तर सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यासमोर बरोबर पाण्याचा मध्य येतो. टाकीचा तळ खिडकीच्या पट्टीपेक्षा दोन इंच खाली ठेवला की तळाच्या खडीची कड झाकली जाते. वरच्या उरलेल्या दोन फुटांत उघडणारं झाकणवजा दार करा. लिंटेल तसंच राहतं आणि घराच्या भाराला धक्का लागत नाही. खिडकी रुंद करायची असेल तर मात्र नवं लिंटेल आलं. त्याला दोन्ही बाजूंना किमान ९ इंच टेकू हवा, आणि काम चालू असताना वरच्या भिंतीला टेके लावावे लागतात. गावभाग, खणभागातल्या जुन्या घरांच्या दगड-मातीच्या भिंती असतील तर त्यात नवं भोक पाडायच्या फंदात पडू नका. आहे त्या खिडकीच्या मापाची टाकी करा.

एक गोष्ट लक्षात असू द्या. ही खिडकी गेल्यावर हॉलचा उजेड आणि वारा कमी होतो. दुसरी खिडकी नसेल तर हा बेत सोडा.

माती, पाया आणि दिवाळीनंतरचे महिने

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. कृष्णेकाठच्या शेतात मे महिन्यात ज्या भेगा दिसतात, त्याच घराखालच्या मातीत पडतात, फक्त दिसत नाहीत. जुनं घर तीस-चाळीस वर्षं त्या मातीवर बसून एका जागी स्थिरावलेलं असतं. नवी खोली पहिली काही वर्षं आपल्या परीनं खाली-वर होणार. दोघांची हालचाल सारखी नसते, आणि काचेच्या टाकीला नेमका हाच फरक सोसत नाही. भिंतीला केसाएवढा तडा गेला तर लांबी (पुट्टी) भरून भागतं. टाकीखालचा ओटा एका कोपऱ्यात दोन-तीन मिलिमीटर दबला तर तळाच्या काचेवर पीळ येतो.

म्हणून माती आधी खणून बघा. खोलीच्या जागी एक-दोन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती फुटांवर लागतो ते पाहायचं. चार-पाच फुटांवर चांगला कडक मुरूम लागला तर सगळी काळी माती काढून फुटिंग (पायाचा तळ) मुरमावर टेकवा. नदीच्या बाजूला काळी माती फार खोलवर जाते. तिथं अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर असलेले खांब, हा रूढ उपाय आहे. ते बहुधा साडेतीन मीटर किंवा त्याहून खोल घेतात, कारण पाऊस-उन्हानं मातीचं फुगणं-आकसणं तेवढ्या खोलीपर्यंत पोहोचतं. पाइल छोट्या खोलीला महाग वाटतात. तरी जिथं ते लागतात तिथं पैसे वाचवायची जागा ही नव्हे. खर्च झेपत नसेल तर टाकी चार फुटांची करा आणि पाया तोच ठेवा.

नवा पाया खणताना जुन्या फुटिंगच्या खाली जाऊ नका. शेजारी जुन्यापेक्षा खोल चर घेतला की जुन्या पायाखालची माती सरकते, आणि तडे नव्या खोलीऐवजी बेडरूमला जातात. चर सलग न घेता तुकड्यातुकड्यानं घ्यावा आणि एक तुकडा भरून झाल्यावर पुढचा उघडावा. शक्य असेल तर नवे कॉलम जुन्या भिंतीपासून दोन-तीन फूट लांब घेऊन वरचा भाग पुढं काढता येतो. ते इंजिनिअर ठरवेल, तुम्ही फक्त हा प्रश्न त्याला विचारा.

जोत्याच्या आतली भरणीही तितकीच महत्त्वाची. खणलेली काळी माती परत आत टाकणं हे सर्रास चालतं, आणि पुढं फरशी खचण्याचं तेच मोठं कारण. आत मुरूमच भरायचा, ६ ते ८ इंचांच्या थरानं, पाणी मारून आणि धुम्मस करून. एका दिवसात दोन फूट भरणी झाली असेल तर ती दाबलेली नाही, एवढं समजा.

वेळापत्रक पावसाच्या हिशेबानं बसवा. परवानगीचे कागद पावसाळ्यात फिरवा, दिवाळीनंतर खणायला घ्या. जोत्यापर्यंतचं काम मार्चअखेर आटोपलं तर एप्रिलमध्ये स्लॅब पडतो आणि वळवाच्या पावसाआधी छत डोक्यावर असतं. पाण्यानं भरलेल्या चरात काँक्रीट ओतू नका. तळाची माती फुगलेली असते आणि उन्हाळ्यात ती आकसली की पाया अधांतरी राहतो.

सांधा : जुनं ते जुनं, नवं ते नवं

बांधकाम वर येताना गवंडी हमखास विचारतो, “मालक, जुन्या भिंतीला दातं सोडू का? काम एकजीव हुतंय.” चांगल्या हेतूनं विचारलेला प्रश्न आहे, पण काळ्या मातीत उत्तर ‘नको’ असंच द्यायचं. जुन्या भिंतीत विटांचे दाते घेऊन नवी भिंत जोडली, की नवी खोली हलताना जुन्या भिंतीला ओढते आणि तडा मनाला येईल तसा, तिरका जातो. त्याऐवजी नवी खोली आपल्या पायावर, आपल्या कॉलमवर स्वतंत्र उभी करा. दोघांमध्ये एक इंच सांधा सोडा, त्यात थर्मोकोलची किंवा फोमची पट्टी भरा आणि वरून ताणलं जाणारं सीलंट मारा. दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमची पट्टी झाकायला लावायची, पण ती एकाच बाजूला स्क्रूनं पक्की, दुसरी कड मोकळी.

विश्रामबागेतल्या एका ओळखीच्या घरात असा सांधा मी उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात, दोन्ही वेळा पाहिला आहे. मे महिन्यात पट्टी उचलली तर फटीत पाच रुपयांचं नाणं उभं सरकत होतं. ऑगस्टमध्ये तेच नाणं जेमतेम कडेला अडकलं. भिंतींना मात्र कुठंही तडा नव्हता. हालचाल व्हायची ती होतच राहते, आपण तिला फक्त जागा करून द्यायची.

आता टाकीचा नियम : टाकी पूर्णपणे नव्या पायावर. पुढची कड जुन्या खिडकीच्या पट्टीवर टेकवली की ओटा अर्धा झाला, असं सुचवणारे भेटतील. ऐकू नका. अर्धी जुन्यावर, अर्धी नव्यावर ठेवलेली टाकी पहिल्याच वर्षी तडकू शकते. टाकीची काच आणि जुनी भिंत यांत अर्धा ते एक इंच अंतर ठेवा. हॉलच्या बाजूनं लाकडी किंवा ॲल्युमिनियमची चौकट भिंतीला बसवा आणि तिच्या मागच्या कडेला मऊ फोम लावा. तो काचेला नुसता स्पर्श करील, दाब देणार नाही.

छताचा सांधाही असाच उघडा राहतो आणि पाणी तिथूनच येतं. जुन्या भिंतीत खाच घेऊन पत्र्याची वाकवलेली पट्टी बसवा. तिची खालची कड नव्या स्लॅबवर नुसती लोंबती राहू दे. स्लॅबच्या कडेला वॉटरप्रूफिंगचा गोल वाटा काढून घ्या.

ओटा, फरशी आणि पाण्याची वाट

ओट्याच्या भिंती फरशीवर उभ्या करू नका, पायापासून किंवा प्लिंथ बीमपासूनच (जोत्याच्या पातळीवरच्या तुळईपासून) वर घ्या. त्यासाठीच टाकीचं माप आणि जागा पायाच्या नकाशात हवी. ६ फुटी टाकीला विटांच्या ९ इंची तीन आडव्या भिंती, दोन टोकांना आणि एक मध्ये, आणि वर ४ इंची आरसीसी स्लॅब, त्यावर कडप्पा किंवा ग्रॅनाइट. दोन कप्पे मिळतात, एकात कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेर ठेवायचा डब्याचा फिल्टर) आणि दुसऱ्यात जाळी, पाइप, खाण्याचे डबे. लाकडी किंवा प्लायचा स्टँड या खोलीत नको. ओल आणि वाळवी दोन्ही त्याच्यावर टपलेल्या असतात.

कडप्पा बसवताना स्वतः उभे राहा. गवंड्याची लेव्हल पट्टी दोन फुटांची असते, आणि सहा फुटांत ती तीनदा सरकवली की प्रत्येक वेळचा थोडाथोडा फरक जमा होतो. पारदर्शक नळीत पाणी भरून चारही कोपरे तपासा : एक टोक एका कोपऱ्याशी धरायचं, दुसरं समोरच्या, नळीत हवेचा बुडबुडा राहिलेला नाही हे बघायचं आणि पाणी स्थिर झाल्यावर पेन्सिलनं खूण करायची. चारही खुणा दोन मिलिमीटरच्या आत आल्या पाहिजेत. टाकीखाली अर्ध्या इंचाची थर्मोकोल किंवा फोम शीट घालायची. ती पृष्ठभागाचा खडबडीतपणा झाकते, पण ओटाच कललेला असेल तर तो सरळ करत नाही.

ओटा जुन्या भिंतीपासून एक इंच सुटा, आणि टाकीच्या वर किमान दीड-दोन फूट मोकळं. हात, जाळी आणि मोठा दगड वरून आत जायला तेवढी जागा लागतेच.

फरशीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण बहुतेक जण इथं चुकतात. ही खोली ओलीच राहणार, तेव्हा ती न्हाणीघर समजूनच बांधा. फरशी हॉलपेक्षा दोन इंच खाली, आणि दोन्हींमधल्या दारात कडप्प्याचा दोन इंच उंबरठा. ६ बाय १० फुटांच्या खोलीत ४ इंच खोल पाणी म्हणजे साडेपाचशे लिटरच्या वर होतं, त्यामुळं टाकीचा मागचा जोड सुटला तरी बरंचसं पाणी हॉलमध्ये न येता खोलीतच थांबतं. फरशीला १०० ला १ तरी ढाळ द्या, सगळ्यात खोल कोपऱ्यात मोठ्या तोंडाचा न्हाणी ट्रॅप. फरशीखाली वॉटरप्रूफिंगचा कोबा, आणि तो भिंतीवर फूटभर चढवलेला. फरशी खडबडीत घ्या. ओल्या, गुळगुळीत टाइलवर बादली घेऊन घसरलेल्या माणसाचा हात पहिल्यांदा काचेवरच जातो.

ट्रॅपचं पाणी कुठं जातं ते बाहेर जाऊन बघा. ते भिंतीलगत मातीत सोडलं, तर दर आठवड्याला शे-दीडशे लिटर पाणी पायाखालच्या काळ्या मातीला पाजल्यासारखं होईल, तेही खोलीच्या एकाच कोपऱ्यात. पायासाठी केलेला सगळा खर्च त्यानं वाया जातो. चेंबर करून पाइप निदान दहा-बारा फूट लांब न्या. तिथं परसबागेला ते द्यायला उत्तम. माशांच्या विष्ठेनं त्यात नत्र असतं, कढीपत्ता, जास्वंद, केळ त्यावर जोमानं येतात. मिठाचं औषध घातलेलं पाणी मात्र गटारातच. खोलीच्या बाहेरच्या बाजूनं तीन फुटांची फरसबंदी घाला, बाहेर ढाळ देऊन, म्हणजे पावसाचं पाणीही पायाशी मुरणार नाही.

भिंती, छत आणि हवा

उघड्या टाकीतून उन्हाळ्यात रोज काही लिटर पाणी उडून जातं आणि बंद खोलीत ते भिंतीवर बसतं. पीओपी, जिप्समचं छत, पुट्टी या खोलीत वापरू नका. सिमेंटचा गिलावा, त्यावर ओल सोसणारा रंग, आणि टाकीच्या मागच्या भिंतीला छतापर्यंत टाइल. समोरासमोर दोन झरोके किंवा एक खिडकी व एक एक्झॉस्ट फॅन. खिडकीला डासांची जाळी, आणि टाकीला काचेची झाकणं.

छत स्लॅबचंच बरं. वर पांढरा चायना मोझॅक घातला की उष्णता बरीच परत जाते. पत्राच टाकायचा असेल तर आत फोम भरलेला दुपदरी घ्या. साध्या पत्र्याखाली दुपारी तीन वाजता पाणी ३३-३४ अंशांवर जाईल. गोड्या पाण्यातल्या बहुतेक शोभेच्या माशांना २४ ते २८ अंश मानवतं. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायूही घटतो : २५ अंशांला लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, ३० ला साडेसात. नेमकं त्याच वेळी माशाला जास्त लागत असतो. पाण्यावर छोटा पंखा फिरवला तर दोन-तीन अंश उतरतात. चिलर बसवणार असाल तर त्याची गरम हवा बाहेर जाईल अशी भिंतीत जागा आधीच ठेवा, नाहीतर तो स्वतःचीच खोली तापवत बसतो.

वीज

मेन बोर्डातून या खोलीसाठी वेगळी लाइन घ्या, वेगळ्या एमसीबीवर, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) लावाच. पाण्यात हात आणि हीटरची काच फुटलेली, अशा वेळी जीव वाचवतो तो हाच. अर्थिंग नुसतं जोडलेलं नव्हे, इलेक्ट्रिशियनकडून तपासलेलं हवं. सॉकेट टाकीच्या बाजूला, ओट्याच्या पातळीच्या वर घ्या, टाकीच्या थेट खाली कधीच नको. प्रत्येक वायर सॉकेटकडं चढण्याआधी खाली झोळ घेऊन जाऊ दे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल, सॉकेटात शिरणार नाही. सहा-आठ पॉइंट लागतात : फिल्टर, हवेचा पंप, दिवा, हीटर, पंखा, आणि पाणी बदलायची मोटर. फिल्टर आणि हवेचा पंप इन्व्हर्टरच्या लाइनवर. हीटर-चिलर त्यावर नको, बॅटरी लवकर बसेल.

पाणी कुठलं, तसे मासे

नळाचं पाणी कृष्णेचं, क्लोरीन घातलेलं. २०० लिटरचं निळं पिंप ओट्याशेजारी ठेवायला जागा सोडा, त्यावर अर्ध्या इंचाचा नळ द्या. पिंपात एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) रात्रभर चालू ठेवला किंवा क्लोरीन मारायचं औषध बाटलीवर लिहिल्याप्रमाणं घातलं, की पाणी वापरायला तयार. दर आठवड्याला पाव टाकी बदलायची, म्हणजे दीडशे लिटर. पिंपाचं माप त्यावरूनच आलं. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येतं, तेव्हा पिंपात ते एक दिवस निवळू द्या.

बोअरचं पाणी वापरणार असाल तर टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) आणि कडकपणा तपासायचं किट घ्या आणि मासे त्यावरून ठरवा. इकडच्या अनेक बोअरचं पाणी कडक आणि क्षारांचं. त्यात डिस्कस किंवा निऑन टेट्रा जगवायचे तर आरओ बसवून पाण्याशी रोज झगडावं लागतं. गप्पी, मोली, प्लॅटी त्यात खुशाल वाढतात. मोठ्या टाकीसाठी तर मलावी आणि टांगानिका या आफ्रिकी सरोवरांतले सिक्लिड बघा, त्यांचं मूळ पाणीच कडक आणि अल्कधर्मी. त्यांचे निळे-पिवळे रंग हॉलच्या चौकटीतून फार खुलून दिसतात. बोअर कडक आहे म्हणून हळहळणाऱ्याला मी हेच सुचवतो.

आणि एक कळकळीची विनंती. नकोसा झालेला, फार मोठा झालेला मासा कृष्णेत, ओढ्यात, विहिरीत सोडू नका. सकर मासा देशातल्या अनेक नद्या-तळ्यांत असाच पसरला आहे. दुकानदार परत घेतो किंवा दुसरा हौशी मिळतो. तेवढी तसदी घ्यावी.

पूर आला तर

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलं होतं. तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. तुमच्या भागात किती फुटांना पाणी शिरतं हे शेजाऱ्यापाजाऱ्यांना तोंडपाठ असतं. तो आकडा घेऊन त्याच्या पाच फूट आधी काय करायचं ते ठरवून ठेवा. बॅटरीवरचा हवेचा पंप आणि भिजलेला, रुळलेला (जिवाणू रुजलेला) स्पंज फिल्टर कायम तयार हवा, कारण पाणी घरात आलं नाही तरी वीज कैक तास जाते. वीज गेली की खाणं बंद करा. निरोगी मोठे मासे काही दिवस उपाशी राहू शकतात. वाढलेल्या घाणीत मात्र ते राहू शकत नाहीत.

घर सोडायची वेळ आली तर मासे पिंपात घालून वरच्या मजल्यावर, पण टाकी रिकामी करू नका. रिकामी टाकी सव्वाशे किलोची असली तरी तिच्या तळाच्या वर शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाणी चढताच तरंगते, ओट्यावरून सरकते आणि फुटते. भरलेली टाकी जागची हलत नाही. त्या खोलीचा एमसीबी पाडून, प्लग काढून निघा.

टाकी आणणं, भरणं आणि पहिलं वर्ष

दाराचं माप आधी घ्या. ६ फुटी टाकी वळणाच्या बोळातून फिरत नाही. खोलीची बाहेरची चौकट बसवण्याआधी टाकी आत घ्यावी, किंवा जागेवरच काचा चिकटवून घ्याव्यात. सांगलीत ते काम करणारे मिळतात. सिलिकॉन बुरशीनाशक नसलेलं, टाकीसाठीचंच. ते आठवडाभर वाळू द्यायचं. मागच्या काचेत पाइपसाठी भोक हवं असेल तर ते साध्या फ्लोट काचेलाच पडतं, टफन केलेल्या काचेला पडत नाही.

स्लॅब आणि ओट्याच्या काँक्रीटला २८ दिवस पूर्ण झाल्याशिवाय पाणी भरू नका. रंगाचा वास पूर्ण जाऊ द्या, खिडक्या उघड्या ठेवून. मग पहिल्या दिवशी एक तृतीयांश, दुसऱ्या दिवशी दोन तृतीयांश, तिसऱ्या दिवशी पूर्ण. दर टप्प्यावर नळी लावून ओट्याचे कोपरे पुन्हा बघा आणि जोडांवरून कोरडा कागद फिरवा. भरलेली टाकी आठवडाभर तशीच ठेवून ती पूर्ण उपसा, म्हणजे ट्रॅप आणि चेंबर एवढं पाणी घेतात का तेही कळेल. नंतर खडी, दगड, पुन्हा पाणी, आणि फिल्टर चालू. त्यात जिवाणू रुजून अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे दुकानातच राहू देत. मग थोडे थोडे आणा.

पहिल्या वर्षी सांध्यावर आणि नव्या खोलीच्या चारही कोपऱ्यांत पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख लिहून ठेवा. मे आणि सप्टेंबरमध्ये बघा. सांधा उघडला-मिटला तर त्यात काळजीचं काही नाही. पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका तडा निघाला, किंवा टाकीतल्या पाण्याची कड एका बाजूला वर-खाली दिसू लागली, तर इंजिनिअरला लगेच बोलवा आणि तो येईपर्यंत पाणी निम्म्यावर आणून ठेवा. हीटर आणि फिल्टरचं तोंड पाण्याखाली राहील एवढं बघितलं, की मासे निम्म्या पाण्यात आठवडाभर सहज राहतात.